भावाचं नाव न घेता

जोसियान ही माझ्या भावाची धाकटी मुलगी. अंबाए बेटावरून राजधानीत, पोर्ट व्हिलाला, शिकायला आली ती माझ्याच घरी राहिली. विद्यापीठात ती फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही भाषा बरोबरीने शिकत होती. तिच्या वडिलांनी आमच्याकडे पुष्कळ बाप करतात तेच केलं होतं. मोठ्या हडसनला इंग्रजी शाळेत घातलं, धाकटीला फ्रेंच शाळेत. "घराला दोन दारं असावीत, वारा कुठूनही येतो," ते म्हणायचे. मग मुलगी शिकायला निघाली तेव्हा घाबरून मला म्हणाली, "आत्या, इंग्रजी बोलताना असं वाटतं की कुणाच्या तरी अंगणातून न विचारता चाललेय."

पोर मुळातच भित्री. कोंबडा अंगावर आला तरी हातातलं टाकून पळायची.

शाळेत मागे पडल्यामुळे हडसनही तिच्याच वर्गात होता, पण राहायचा गावाच्या दुसऱ्या टोकाला, मामाकडे. आमच्या बेटावर मुलगा पुरुषांच्या घरात निजायला लागला की सख्ख्या बहिणीशी त्याचं बोलणं संपतं. समोरासमोर बसणं नाही, तिच्यादेखत जेवणं नाही. बहीण तर भावाचं नावही घेत नाही, नुसतं "ते" म्हणते. भांडण नव्हे हे, मान आहे. वर्गात हडसन दाराशी बसायचा, जोसियान अगदी पुढे, आणि दोघांचं ठीक चाललं होतं. आडनावंही वेगळी, त्याने आजोबांचं लावलेलं, हिने बापाचं. त्यामुळे ही भावंडं आहेत हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

रविवारी तो माझ्याकडे लॅपलॅप खायला यायचा, म्हणजे किसलेला कंद नारळाच्या दुधात कालवून, केळीच्या पानात गुंडाळून तापल्या दगडांवर भाजलेला. गल्लीच्या तोंडाशी आला की शीळ घालायचा. शीळ ऐकली की जोसियान स्वयंपाकघराच्या दाराने मागे जायची आणि पायरीवर बसायची. मग मी मध्ये.

"आत्या, तिला सांग, लॅपलॅपला नारळाचं दूध कमी पडलंय."

"आत्या, त्यांना सांग, नारळ त्यांनीच आणले होते."

दोघांनाही एकमेकांचं स्पष्ट ऐकू यायचं. तरी मी निरोप पोचवायचे.

दुसऱ्या वर्षाची तोंडी परीक्षा आली. तिच्यात दोघादोघांनी समोरासमोर बसायचं. एकाने इंग्रजीत बोलायचं, दुसऱ्याने ते तिथल्या तिथे फ्रेंचमध्ये सांगायचं, मग उलट. जोड्या फ्रेंच शिकवणाऱ्या मादाम फेरियेरच्या टोपीतल्या चिठ्ठ्यांवरून ठरल्या. मादाम त्याच वर्षी फ्रान्सहून आलेल्या.

त्या दुपारी जोसियान माझ्यासमोर यामचा कंद किसत बसली होती. याम संपला तरी हात थांबेना, बोटाची सालं निघाली तेव्हा मीच किसणी ओढून घेतली.

"आत्या, माझ्या चिठ्ठीत ते आलेत."

शेजारची मेरियाम टान्ना बेटावरची, तिच्याकडे ही रीत नाही. ती कुंपणावरून म्हणाली, "भावाशीच बोलायचंय होय? तोंड बघून मला वाटलं शार्कशी बोलायचंय."

"शार्क बरा," जोसियान म्हणाली. "त्याच्यापुढे मान घालवायची भीती नसते."

"मग मादामला सांग, जोडी बदलून द्या म्हणावं," मी म्हटलं. मला वाटलं होतं, एवढंच तर आहे.

दुसऱ्या दिवशी ती गेली आणि हलकी होऊन परत आली. मादाम फार चांगल्या आहेत, लगेच हो म्हणाल्या. मी विचारलं, काय काय बोलणं झालं? तर मादामनी विचारलं, कोण मुलगा? हिने नाव कुठून घ्यायचं? ही गप्प. मादामनी विचारलं, त्याची भीती वाटते? हिने मान हलवली. त्याच्यासमोर बसवत नाही? हिने पुन्हा मान हलवली आणि रडली. मादामनी चिठ्ठी मागून घेऊन नाव वाचलं, उठून दार लावलं आणि हिच्या खांद्यावर हात ठेवला.

दार लावलं म्हटल्यावर मला वाटलं, मादामनी भलतंच काही समजून घेतलं. पण ती जेवत होती, मी तिच्या ताटात आणखी वाढलं.

त्यानंतर एका दुपारी, रविवार नसताना, शीळ आली. जोसियान मागच्या दारी पोचते न पोचते तोच हडसन अंगणात उभा. आत ये म्हटलं तर आला नाही.

"आत्या, मला वर्गात यायची मनाई केलीय. मी एका मुलीला धमकावतो म्हणे."

"कुठल्या मुलीला?"

"सांगत नाहीत. चौकशी होणार आहे. खरं ठरलं तर काढून टाकतील."

मागच्या बाजूला भांडं पडल्याचा आवाज झाला. हडसनने घराकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. त्याला कळलं. एक शब्द न विचारता तो निघून गेला.

जोसियान पायरीवर बसली होती, पडलेलं भांडं तसंच पायाशी. "आत्या, मी त्यांना बुडवलं."

खरं काय ते सांगायला मी विद्यापीठात गेले. मला चौकशीला बसू दिलं, पण बोलायचं नाही अशी अट घातली. मादामचं म्हणणं, मुलींना गप्प घरचेच बसवतात. ते खोटं नाही, मी पाहिलंय. म्हणून मला रागही धरता येईना. जे बोलायचं ते मुलीनेच.

खोलीत मादाम होत्या आणि एफाते बेटावरचे काल्तोंगा सर, इंग्रजी शिकवणारे. हडसन मान खाली घालून बसला होता. बहीण खोलीत, तो वर कसा बघणार? पण परक्या नजरेला तो चोरासारखाच दिसत होता. सरांनी दोनदा विचारलं, तो बोलला नाही. मादामनी कागदावर काहीतरी लिहिलं. जोसियान खुर्चीच्या टोकावर बसली होती, आणि मला वाटलं, ही आता उठून पळणार. तिने पळायचंच बाकी ठेवलं होतं.

ती उठली. खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि सगळ्यांकडे पाठ करून बसली.

"माझ्या मागे बसलेत ते माझे सख्खे भाऊ आहेत," ती फ्रेंचमध्ये म्हणाली. तेवढं फ्रेंच मला कळतं. "त्यांनी मला काही केलेलं नाही. मला त्यांचं नाव घेता येत नाही, म्हणून घेतलं नाही."

मादाम हळूच म्हणाल्या, "तुला हे कुणी बोलायला लावलंय का?"

माझ्या जिभेवर बोलणं आलेलं, आणि बोलायची बंदी.

मग हडसन बोलला. मादामशी नाही, सरांशीही नाही, माझ्या पायांकडे बघत, इंग्रजीत. "आत्या, ती लहान होती तेव्हा अंधाराला भ्यायची. मी चुलीच्या खोपटाबाहेर उभा राहून शीळ घालायचो, म्हणजे कुणीतरी आहे हे तिला कळायचं."

मादामना इतकं भराभर इंग्रजी कळेना. त्यांनी सरांकडे पाहिलं. सर तोंड उघडणार एवढ्यात भिंतीकडून आवाज आला. जोसियान त्याचं बोलणं फ्रेंचमध्ये सांगत होती. जन्मात या मुलीने भावाचे शब्द आपल्या तोंडी घेतले नव्हते.

"आता ती मोठी झाली," हडसन म्हणाला, "तरी मी घालतो. तिला उठून जाता यावं म्हणून."

ती शिळेपर्यंत आली आणि अडली. खुर्ची भिंतीला लागून खडखडत होती. मग तिने तेही सांगितलं, शेवटपर्यंत.

मादामनी लिहिलेला कागद उलटा करून ठेवला. "हे मला आधी का कुणी सांगितलं नाही?"

"सांगणार कोण, मादाम?" काल्तोंगा सर म्हणाले. "ही नाव घेणार नाही, तो तोंड उघडणार नाही."

हडसनला वर्गात घेतलं, जोड्याही बदलल्या. परीक्षा मात्र व्हायची होती. पण जोसियानची भीती आता परीक्षेची नव्हती. भावाच्या देखत ती त्याच्याविषयी बोलली होती, आणि असा मान मोडला तर आमच्याकडे चटई देऊन भरपाई करतात. आईने तिच्या लग्नासाठी विणलेली लाल चटई तिने काढली आणि माझ्या हाती मामाकडे पाठवली. हडसनने ती घेतली, पण निरोप काही दिला नाही.

रविवारी लॅपलॅप दगडांवरून उतरलं. जोसियान मागच्या दारात उभी होती, बसेना. मेरियामने कुंपणावरून डोकावून पाहिलं आणि त्या दिवशी तिनेही थट्टा केली नाही. नेहमीची वेळ टळली. "आत्या, ते आता येणार नाहीत," असं ती म्हणत होती तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी शीळ वाजली.

हडसन पुढच्या दाराने आला, बसला.

"आत्या, तिला सांग, चटई पोचली."

"एवढंच?"

"माझं फ्रेंच कच्चं आहे, पण ती फार घाईने बोलत होती एवढं कळलं. परीक्षेत सावकाश बोल म्हणावं."

मी मागे गेले. जोसियान गुडघे कवटाळून पायरीवर बसली होती.

"ऐकलंस?"

तिने मान हलवली. "आत्या, त्यांना सांग..." आणि थांबली.

"काय सांगू?"

"लॅपलॅप गार होतंय म्हणावं."