श्रीपतीआबांचं मीटर

बारामतीत एसटी स्टँडजवळ श्रीपतीआबांचा फोटो स्टुडिओ होता. फोटो काढणारे गावात पुष्कळ, पण उजेड मोजायचं लाइट मीटर बिघडलं की सगळे आबांकडंच यायचे. आभाळ मोकळं असलं की आबा दुपारी बाराला मीटर घेऊन दुकानाच्या सिमेंटच्या पायरीवर बसत. त्या उन्हात, त्या पायरीवर काटा कुठं थांबायला पाहिजे, हे त्यांना पाठ होतं. तिथं तो येईपर्यंत आतला बारीक स्क्रू फिरवत राहायचे. मग विचारायचे, रोल कुठला? साध्या प्रिंटच्या रोलला उजेड थोडा जास्त झाला तरी चालतो, म्हणून त्याला मीटर जरा सढळ ठेवत. स्लाइडच्या रोलला मात्र काटेकोर. तिथं जरा चुकलं की पांढरं होतं ते पार धुऊन जातं. आपल्या एकाही स्लाइडवर असं झालं नाही, असं ते अभिमानानं सांगत.

१९९४ साली कळसला माझं लग्न झालं. आबा नात्यातले, फोटो तेच काढणार. माझा भाऊ बुद्धघोष मास्तर. विहाराच्या भिंतीवर सगळ्यांना दाखवता येईल म्हणून त्यानं स्लाइडचा रोल आणला.

आई, म्हणजे भागुबाई, फोटोत यायला तयारच नव्हती. आमच्यात लग्नाला पांढरं नेसतात. आई रंगानं काळी. आजवरच्या प्रत्येक फोटोत तिची साडी तेवढी दिसायची, वर नुसता काळा डाग. मला मात्र ती शेजारी हवी होती, आणि दिसायला हवी होती. मी आबांना तसं सांगून ठेवलं.

पंचशील घेऊन झाल्यावर मी तिला हाताला धरून उभं केलं. आबांनी मीटर साडीसमोर धरलं. पांढऱ्यावर काटा पार वर गेला; त्या मापानं चेहरा पुन्हा काळाच आला असता. त्यांनी मीटर तिच्या गालाजवळ नेलं.

"आबा, साडी धुऊन जाईल," बुद्धघोष म्हणाला.

"जाऊ दे."

पंधरा दिवसांनी, दिवस मावळल्यावर, विहाराच्या भिंतीवर ती स्लाइड लागली. आम्हा दोघींच्या साड्या एक झाल्या होत्या, काठ नाहीत की निऱ्या नाहीत. पण वर आईचा चेहरा होता, हनुवटीवरच्या गोंदणासकट.

आबा साडीबद्दल हळू आवाजात काहीबाही सांगायला लागले. आईचं तिकडं लक्ष नव्हतं.

"आबा, मला वाटायचं माझं त्वांडच तसलं हाय."

"न्हाय बाई. मीटर आमीच चुकीच्या जागी धरत व्हतो."

बुद्धघोषनं पुढची स्लाइड लावायला हात नेला. आबांनी तो धरून ठेवला.