कडेची पांढरी रेघ

उज्जैनला समुद्र नाही. तरी मी जन्मभर इथल्या कॉलेजात बिनशंखाची समुद्री गोगलगाय शिकवली, तीही बरणीतली. बरणीत तिचे रंग उडतात आणि सगळ्या सारख्याच पांढरट, उकडलेल्या लसणासारख्या दिसतात. म्हणून लेक कोकणात नोकरीला लागली आणि ओहोटीला खडकांत फिरून जिवंत गोगलगायींचे फोटो पाठवू लागली, तेव्हा मला कोण आनंद झाला! एरवी आमचं दोघींचं दोन वाक्यांपुढे पटत नाही. पण फोटोखाली ती लिहायची, "आई, ही कोण?" मी आधी ठिपके बघायचे, मग कड, आणि सांगायचे.

गेल्या वर्षी डोळ्यांनी दगा दिला. बघेन तिथे मधोमध धुरकट डाग. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही. लेकीला कळता कामा नये, असं मी ह्यांना बजावलं.

मग रंग बघायचं काम ह्यांच्याकडे आलं. जन्म बँकेत गेलेला माणूस! "पीला है भई, और क्या," एवढंच म्हणायचे. शेवटी मी देवघरातलं तबक पुढ्यात ठेवलं. हळद, अष्टगंध, शेंदूर, जे जुळेल ते बोटावर घेऊन फोटोशेजारी धरायचं. ह्यांना त्यात गोडी लागली.

एकदा जांभळ्या ठिपक्यांची आली. तशा दोघी असतात. एकीची कड नुसती पिवळी, दुसरीच्या पिवळ्या कडेबाहेर बारीक पांढरी रेघ.

"बाहेर पांढरं काही?"

"नाही ग. हळदच आहे, एकदम पक्की."

मी ठासून उत्तर धाडलं. लगेच लेकीचा फोन आला. "आई, पांढरी रेघ ढळढळीत दिसतेय."

हे टॅबलेटची काच धोतराच्या सोग्याने पुसत होते. बोटाची हळद काचेला लागली होती. "अरे, ये तो सफेद है," हे पुटपुटले. लेकीने ते ऐकलं.

"फोटो बाबा बघतात? कधीपासून?" तिने विचारलं. मग डोळ्यांचं सगळं सांगावंच लागलं, कपाळ माझं!

तेव्हापासून फोटो बंद झाले. फोन मात्र रोज येतो. औषध घेतलंस का, जिना जपून उतर. इतकी गोड ती माझ्याशी कधी बोलली नव्हती, आणि ते मला सहन होत नाही. हे अजून तबक घेऊन बसतात. "आयेगा, फोटो आयेगा," म्हणतात.

काल न राहवून मीच विचारलं, "आज काय सापडलं ग?"

"काही नाही आई. तू आराम कर."

फोनमध्ये तिच्या मागे समुद्र गाजत होता.