दारजींचा कॅनडातला भाऊ

दारजी गेले हे मला सगळ्यात आधी कॅनडातून कळलं. म्हणजे बघा, त्यांचं घर आमच्या बरोबर समोर, ग्वाल्हेरला शिंदे की छावनीतल्या आमच्याच गल्लीत, आमच्या खिडकीतून त्यांचा चहाचा कप दिसतो, आणि बातमी आली टोरांटोहून! सकाळचे सव्वाआठ, मी इंदरगंजला ऑफिसला निघायच्या घाईत, केस अर्धे बांधलेले, आणि फोन वाजला. दारजींचे धाकटे भाऊ बल्लीचाचा, ते दारजींना 'वीरजी' म्हणतात, म्हणजे दादा. "पुत्तर, ज़रा सामने जाके देख. वीरजी से बात कर रहा था... चुप हो गए हैं. पहले तो मुझे लगा, रूठ गए." मी चप्पल न घालताच पळाले. दारजींची बायको, आमच्या बीजी, मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या, त्यांना काहीच माहीत नव्हतं. दारजी खुर्चीत बसलेले, पुढ्यात अर्धा पराठा, फोन लोणच्याच्या बरणीला टेकवलेला, आणि त्यातून बल्लीचाचा ओरडत होते, "ठीक है वीरजी, तुम जीते! बोलो तो सही!"

त्याला आता दीड महिना झाला. रडून झालंय माझं, म्हणून आता सांगते... भावाशी भांडता भांडता गेले, ही किती मस्त गोष्ट आहे! कारण मधे सव्वा वर्ष असं गेलं होतं की ते दोघं भांडतही नव्हते.

दारजींचं पाटणकर बाजारात शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. ग्वाल्हेरातल्या निम्म्या मराठी बायकांची मशीनं त्यांच्या हातची, आणि त्या बायकांशी घासाघीस करून करून त्यांचं मराठी एकदम पक्कं झालेलं. मला हाक मारायचे "ए मराठन!" मी लहानपणी त्यांच्या दुकानात बॉबिनवर दोरा भरायला बसायची, तेव्हापासून. चौऱ्याऐंशी साली, शिखांविरुद्धच्या दंगलीत, हेच दुकान जाळलं होतं. दारजी सत्तावीसचे, बल्लीचाचा सतराचे. दोघं चार दिवस आमच्या घरी लपून होते, आजोबांच्या खोलीत, बाहेरून आजोबांनीच कुलूप लावलेलं. पुढे दारजींना जन्मभर लक्षात राहिलं ते कुलूप लावणारा माणूस, आणि बल्लीचाचांना आग लावणारे. खरं सांगू? यात खोटं कोणीच बोलत नव्हतं.

बल्लीचाचा कॅनडात गेले, ट्रक चालवायला लागले, आणि मग हळूहळू त्या मोर्च्यांमध्ये. शिखांचा वेगळा देश हवा म्हणून तिथे झेंडे घेऊन निघतात, भारताच्या वकिलातीसमोर उभे राहतात, वेगळ्या देशासाठी मतदान वगैरे पण करतात. दारजींचा पारा चढायचा. "रहना इसने वहीं है, ट्रक इसका वहीं खड़ा है, और देश इसको यहाँ चाहिए!" एकदा व्हिडिओ कॉलवर मला मधे ओढलं. म्हणाले, "बल्ली, हिला बघ. हिचे लोक अडीचशे वर्षांपासून इथे आहेत, घरात अजून मराठी बोलतात, पुरणपोळी करतात. यांनी मागितला का वेगळा देश?" बल्लीचाचा तिकडून फटकन, "माँगते क्यूँ वीरजी? राज ही इनका था!" दारजी इतके हसले की ठसका लागला. मी पण.

पण मग एका दिवाळीला हसणं संपलं. बल्लीचाचा म्हणाले, "तुम डर के बैठे हो वीरजी, सारी उमर डर के." दारजींनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "डर के बैठा नहीं, दुकान खोल के बैठा हूँ. उसी जगह." आणि फोन बंद. बस. सव्वा वर्ष. बीजी दोघांना समजावून थकल्या. ना याने फोन केला ना त्याने.

आता गंमत ऐका. दारजी मला रोज संध्याकाळी दुकानात बोलवायचे, "जरा माझा मोबाईल बघ, काहीतरी बिघडलंय." बिघडलेलं काही नसायचं! बल्लीचाचांचे लोक मोर्चा लाइव्ह दाखवायचे, तो लावून हवा असायचा. दारजी चष्मा चढवून, तेलाचे हात पुसून, त्या गर्दीत एकच पगडी शोधायचे. एकदा जानेवारीत, तिकडे सकाळ, बर्फ पडतोय, आणि बल्लीचाचा हातात माइक घेऊन, जॅकेट सताड उघडं. दारजी बेचैन. "याला लहानपणी निमोनिया झाला होता. मूर्ख! लिही याला. बल्ली, चेन लगा, ठंड लग जाएगी." आता मी टाइप करते ती सुसाट. लिहिलं, खाली 'तेरा वीर' पण टाकलं, पाठवलं... आणि बघते तर काय, मेसेज चाचांच्या नंबरवर गेलाच नव्हता! मी ते लाइव्हच्याच खाली, सगळ्या जगासमोर लिहिलं होतं! दारजींच्या नावाने, त्यांच्या शिलाई मशीनच्या फोटोसकट. वर घोषणा, खाली घोषणा, मधे 'चेन लगा'.

मी तर थिजलेच. पण तिकडच्या कोणीतरी लगेच खाली लिहिलं, "पाजी, चेन लगा लो." मग दुसऱ्याने. मग दहा-बारा जणांनी. कोणीतरी चाचांच्या डोळ्यांसमोर मोबाईल धरला. माइकवरचा आवाज मधेच थांबला. त्यांनी वाचलं. परत वाचलं. आणि माइक बगलेत दाबून, दोन्ही हातांनी, गळ्यापर्यंत चेन लावली.

दुकान बंद करायच्या आतच फोन आला. "वीरजी, दुनिया के सामने?"

"दुनिया के सामने छाती खोल के तू खड़ा था कि मैं?"

त्यानंतर रोज सकाळी पराठ्याबरोबर भांडण सुरू झालं. एकमत? छे! एका दिवसासाठीसुद्धा नाही. पण फोन ठेवताना दारजी विचारायचे, "येतोस कधी?" आणि चाचा म्हणायचे, "मेरा नाम किसी फ़ाइल में होगा वीरजी, एअरपोर्ट से ही लौटा देंगे." दारजी म्हणायचे, "व्हिसाचा अर्ज तर कर." मग एक दिवस चाचांनी तो खरंच केला. फॉर्म मीच भरला, यावेळी प्रत्येक रकाना तीनदा वाचून. उत्तर यायच्या आधीच दारजी गेले.

दहाव्या दिवशी ग्रंथसाहेबाचा पाठ संपला आणि पगडीची रस्म होती. घरातला मोठा गेला की त्याची पगडी पुढच्या पुरुषाच्या डोक्यावर बांधतात. दारजींना दोन मुलीच, म्हणून सगळे म्हणाले मोठ्या जावयाला बांधू. बीजी म्हणाल्या, "ना. बल्ली की है." मग स्टुलावर फोन ठेवला. चाचा तिकडे आपल्या खोलीत, हातात दारजींच्या आवडीचं गडद निळं सहा मीटर कापड. बांधायच्या आधी ते सुरकुती, म्हणजे यांची सिलवट, न राहता ताणून घडी घालावी लागते, एकाने एक टोक धरायचं, दुसऱ्याने दुसरं. चाचांनी एक टोक दाराच्या कडीला बांधलं होतं.

"कुंडी से क्यूँ बाँधा?" बीजींनी विचारलं.

"भाभी, यहाँ दूसरा सिरा रोज़ कौन पकड़ेगा?"

चाचांनी एकट्यानेच घडी घातली, एकट्यानेच बांधली, थोडी वाकडी झाली.

व्हिसाचं उत्तर अजून आलेलं नाही. येईल की नाही, काय माहीत. इथे दारजींची निळी पगडी बीजी दर रविवारी धुतात, आणि मला समोरून हाक येते. आम्ही दोघी अंगणात उभ्या राहतो, एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. बीजी पाय रोवून खेचतात, मी पुढे पुढे ओढली जाते, हसू येतं, हात सैल पडतो.

"कस के पकड़," बीजी म्हणतात, "उसको सिलवट बिल्कुल नहीं चलती."

दारजींना, की चाचांना, हे मी विचारत नाही. घट्ट धरते.