वैदूचा कोट

विल्मार ओलिवेराच्या उजव्या हाताला कंप सुटलाय, ही गोष्ट विल्मारच्या आधी सगळ्या पालेर्मो मोहल्ल्याला कळली होती. कळणारच! मोंतेविदेओच्या आमच्या या गल्ल्यांत पोरं ढोल ऐकत रांगायला लागतात. तिथे रेपिके वाजवणाऱ्याची काठी अडखळली, तर खिडकीत माते नावाचा कडू चहा पीत बसलेल्या आज्यासुद्धा मान हलवतात. रेपिके म्हणजे तीन ढोलांतला बोलका ढोल. बाकीचे दोन चाल धरतात, हा मधेच उसळतो, टोमणे मारतो, सगळ्यांना हाकारतो. आणि विल्मारसारखा रेपिकेवाला आमच्या ताफ्यात दुसरा नव्हता, हे मी सांगायला नको.

पण गडी कबूल होईल तर शपथ! आधी म्हणाला, काठीच वाकडी आहे. मग म्हणाला, कातडं दमट आहे. रविवारी सरावाआधी कातडं ताणून यावं म्हणून रस्त्यात रद्दी पेटवून ढोल शेकतात, तर म्हणे यंदा रद्दीच ओली. शेवटी डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि तोंडावर सांगितलं, "हा कंप जायचा नाही. फार तर कमी होईल." त्या दिवशी घरी येऊन विल्मारनं आपला ढोल भिंतीकडे तोंड करून ठेवून दिला.

ताफ्याचा प्रमुख फाब्रिसियो, विल्मारचा सख्खा पुतण्या, त्याच्याच हाताखाली शिकलेला. तो चाचरत आला. म्हणाला, "काका, या फेब्रुवारीत कार्निवलच्या मिरवणुकीत तुम्ही झेंडा धरा ना. नुसतं पुढे चालायचं. आरामाचं काम आहे."

"झेंडा? माझ्या हातात?" विल्मारनं हात पुढे केला. "वारा नसला तरी फडकेल बघ!"

फाब्रिसियोला हसावं की रडावं कळेना.

"जा तू," विल्मार म्हणाला. "ढोल नाही तर मी नाही. यंदाच काय, पुन्हा कधीच नाही."

ही नुसती धमकी नव्हती. आमच्याकडे माणूस एकदा मिरवणुकीतून बाहेर पडला की खिडकीतून बघायला लागतो, आणि मग त्या खिडकीतच म्हातारा होतो. विल्मारच्या बायकोला, नेलिदाला, हे पक्कं ठाऊक होतं.

नेलिदा ताफ्यात ढोलांच्या पुढे नाचणारी 'म्हातारी आई' व्हायची. घेरदार झगा, डोक्याला रुमाल, हातात पंखा. तिच्या जोडीला असायचा 'वैदू'. उंच हॅट, लांब काळा कोट, कापसाची दाढी, एका हातात काठी, दुसऱ्यात जडीबुटीची पेटी. हा वैदू इतका म्हातारा की सारखा थरथरत असतो, आणि थरथरत थरथरतच नाचतो. ते सोंग वर्षानुवर्षं ओविदिओबाबा घ्यायचा. यंदा त्याच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि तो लेकीकडे साल्तोला निघून गेला. त्याचा कोट तेवढा नेलिदाकडे अस्तर शिवायला पडून होता.

"नवा वैदू बघून आले," कांदा चिरता चिरता नेलिदा म्हणाली. "गुटगुटीत पोरगा आहे. थंड पाण्यानं आंघोळ घातल्यासारखा कुडकुडतो नुसता."

"बरं मग?"

"बरं मग काय! तिकडे धड खोटं थरथरणारा माणूस मिळेना, आणि इथे माझ्या घरात खरं थरथरणं वाया चाललंय."

विल्मार असा ताडकन उठला की खुर्ची पडली. "माझ्या दुखण्याची थट्टा करतेस?"

"हो, करते! एकानं रडायचं ठरवलंय, तर दुसऱ्यानं थट्टा करायला नको?" तिनं सुरी खाली ठेवली. मग तिचाच आवाज जड झाला. "ढोल गेला, विल्मार. मलाही वाईट वाटतं. पण ढोलाबरोबर तूही जाणार असशील, तर ते मला चालायचं नाही."

त्यानंतर घरात अबोला. एके सकाळी ती बाजारात गेली तशी विल्मारनं दाराला कडी लावली, कोट अंगात चढवला आणि आरशासमोर उभा राहिला. सवयीनं उजवा हात खिशात दडवायला गेला, तर कोटाला खिसाच नव्हता. हात आपला मोकळा, थरथरतोय. त्यानं खांदाही त्याच्याबरोबर सोडून दिला. मग गुडघा. इतके महिने सगळी ताकद हात दाबून धरण्यात जात होती. ती सुटली तसं त्याला एकट्यालाच हसू फुटलं. ताल काय, तो अंगात होताच. तो कुठे जाणार!

मिरवणुकीच्या संध्याकाळी इस्ला दे फ्लोरेस रस्त्यावर ढोल सुरू झाले आणि जन्मात पहिल्यांदा ते वैदूच्या कोटातल्या विल्मारच्या पाठीमागून आले. फाब्रिसियोनं रेपिकेवर विल्मारचेच ठेवणीतले बोल काढले, तेव्हा विल्मारचे पाय थबकले. बोटं शिवशिवली. नाचायचं सोडून तो मागे वळून बघत राहिला.

"मागे काय बघतोस, म्हाताऱ्या?" पंख्याआडून नेलिदा ओरडली. "इकडे बघ! इतकी वर्षं तुझ्या तालावर मी परक्या माणसाबरोबर नाचले!"

त्यानं बघितलं. रंगात आली की नेलिदाच्या जिभेचं टोक लहान पोरीसारखं ओठांतून बाहेर येतं. गिरकी घेताना आत, पाय टेकला की बाहेर. बाल्कनीतल्या बायका हसत एकमेकींना दाखवत होत्या, दरवर्षीच दाखवतात. पालेर्मोत हे सगळ्यांना माहीत. एकट्या विल्मारला ते आज कळत होतं.

पुढच्या कार्निवलच्या आधी डॉक्टरनं गोळी बदलली आणि हात बराच ताळ्यावर आला. फाब्रिसियो रेपिके खांद्याला लावूनच धावत आला. "काका, चला! तुमची जागा तुमचीच आहे."

विल्मारनं ढोल गळ्यात अडकवला, दोनचार बोल वाजवले. पूर्वीचे नव्हते, पण बरे होते. त्यानं ढोल काढून पुतण्याच्या हातात दिला.

"तूच वाजव. मला यंदा वेळ नाही."

"अहो, पण हात चालतोय की आता!"

"तीच तर पंचाईत झालीय. थरथरायचा सराव करावा लागणार."

"चेष्टा नको, काका. खरं सांगा, का नाही म्हणता?"

आत नेलिदा काळ्या कोटाला इस्त्री करत होती. विल्मारनं तिकडे बघितलं.

"ढोलाच्या जागेवरून तिची नुसती पाठ दिसते रे," तो म्हणाला.