पडद्याची घडी घालत नाहीत

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, चंबळच्या बीहडात, त्या घळींच्या रानात, चार-चार दिवस काढले. पण डोळे मिटले की आजही समोर उभी राहते ती एक साधी घटना. तिच्यात ना रक्त होतं, ना बंदूक. चोरीला गेला होता एक पडदा.

राज्यांच्या पुनर्रचनेचे दिवस होते ते. आमचं संस्थान आधीच विलीन झालेलं. आता मध्य भारत हे राज्यही संपलं आणि नवी राजधानी भोपाळ ठरली. शहराच्या लष्कर भागात रोज ट्रक लागायचे. कपाटं, टाइपरायटर, पंखे, जे उचलता येईल ते चाललं होतं. मी कोतवालीत नवा दरोगा, म्हणजे तुमच्याकडचा फौजदार. वर्दी नवी होती आणि डोक्यात हवाही भरपूर होती.

एका सकाळी बाडा चौकाजवळच्या जुन्या नाट्यगृहाचे व्यवस्थापक धापा टाकत आले. "साहेब, गजब झाला! मोठा पडदा गायब आहे. परवा भोपाळचा ट्रक येतोय, मी काय देऊ त्यांना?"

हा पडदा शहरात सगळ्यांना ठाऊक होता. त्यावर आमचा किल्ला रंगवलेला होता, संध्याकाळच्या उजेडातला. तो नव्या राजधानीतल्या सभागृहात लावायचा हुकूम वरून आला होता. व्यवस्थापकांनी संशयितही तयारच आणला होता. पडदे ओढणारे नाना.

नानांचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इथे आलेले. नानांच्या हातात मात्र तलवारीऐवजी दोर आला होता, तो चाळीस वर्षं सुटला नव्हता. पेन्शनीला चार महिने उरले होते. सरकारी मालाची चोरी अंगावर आली, तर पेन्शन जाणार आणि म्हातारपणी तुरुंग नशिबी येणार, हे मला दिसत होतं. पण मला तर गुन्हा उघडकीला आणायचा होता!

रोजनाम्यात नोंद केली, पंचनामा केला. कुलूप तुटलेलं नव्हतं. रंगमंचावर मागे एक काळं कापड तेवढं टांगलेलं होतं. दुपारी आमचा मुखबिर खबर घेऊन आला: किला गेटच्या एका गोदामात कापडाचा मोठा गठ्ठा उतरलाय. मी चार शिपाई घेऊन धडकलो. निघाल्या लग्नाच्या मांडवाच्या कनाती! गोदामवाला हसू दाबत म्हणाला, "दरोगाजी, शादी है क्या घर में?" माझ्या हवालदाराने तोंड फिरवलं, तोही हसत असणार.

तो सगळा राग मी नानांवर काढला. त्यांना कोतवालीत बसवलं आणि दोन तास प्रश्न विचारले. म्हातारा ढिम्म. चोर माणूस फार बोलतो, हा माझा आजवरचा अनुभव. निर्दोष माणूस रडतो किंवा चिडतो. नाना यातलं काहीच करत नव्हते. भिंतीकडे बघत नुसते बसले होते. शेवटी मी टेबलावर हात आपटला.

"नाना, वयाचा मान ठेवतोय, नाहीतर... बोला! घडी घालून कुठे दडवलात?"

म्हातारा एकदम ताडकन उठला.

"घडी? पडद्याची घडी घालतात का कधी? सरसात कालवलेला रंग आहे तो, घडी पडली की तडकतो! चाळीस वर्षं बांबूवर गुंडाळलाय मी त्याला. घडी म्हणे! आणि त्या बाबूलोकांनी तर..."

आणि त्यांनी जीभ चावली. पण बाण सुटला होता. बोलून गेलो हे त्यांनाही कळलं. चोरीचा आरोप त्यांनी गिळला, पण हाताखालच्या कामाचा अपमान काही गिळता आला नाही.

"बाबूलोकांनी काय, नाना?"

ते परत बसत म्हणाले, "भोपाळचे बाबू त्याचे तीन तुकडे करणार होते, दरोगाजी. दारातून निघत नाही ना, म्हणून. म्हणाले, तिकडे शिवून घेऊ."

दारातून निघत नाही! मी हवालदाराला फीत घ्यायला सांगितली आणि नानांना घेऊन थेट नाट्यगृह गाठलं. मागच्या दारासमोर तीन हातांवर भिंत, पुढच्या दालनात खांबच खांब. एवढा लांब बांबू कुठूनच वळत नव्हता. कोरं कापड घडी करून आत आलं होतं, रंगवलं गेलं होतं इथेच, रंगमंचावर. म्हणजे तो बाहेर गेलाच नव्हता. आम्ही पोलीस जमिनीवर माग शोधत बसलो. वर कोणी पाहिलंच नाही.

नानांनी मुकाट्याने शिडी दाखवली. त्या काळ्या कापडाच्या वर, तुळयांवर पडदा निवांत आडवा होता. कप्पी आणि वाळूच्या गोण्या लावून या माणसाने तो एकट्याने वर चढवला होता. रोज चढवायचे तसाच, फक्त थोडा जास्त वर.

पण मी पडद्याकडे पाहतच नव्हतो. झरोक्यातून ऊन येत होतं आणि तुळयांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, गेरूने लिहिलेलं होतं. नाना म्हणाले, मुक्काम हलवताना प्रत्येक नाटक मंडळीचा दोरवाला इथे एक ओळ लिहून जातो. रीतच आहे ती. मी वाचत गेलो.

'पावसाने वाट बंद. तीन खेळ जास्त.'

'नायिकेचं काम करणाऱ्याला ताप. त्याचा भाऊ लुगडं नेसून उभा राहिला. लोकांना कळलं नाही.'

'महाराज शेवटपर्यंत बसले.'

'प्लेग. खेळ बंद.'

आणि एका कोपऱ्यात नानांचं अक्षर: 'राज्य विलीन झालं. खेळ झाला.'

माझी टोपी हातात कधी आली, मला कळलं नाही. रोज या इमारतीसमोरून मी सायकलने जात होतो, आणि डोक्यावर हे एवढं होतं! आम्ही खाली उतरलो आणि नानांनी पडदा सोडला. तो सावकाश उलगडत आला आणि सगळा किल्ला समोर उभा राहिला. बाहेर दोन मैलांवर खरा किल्ला होता, पण तसा मी तो कधी पाहिलाच नव्हता. बुंदेलखंडी हवालदार हळूच म्हणाला, "साहब, ये तो अपनो किलो है।"

अहवालात मी खोटं काही लिहिलं नाही. मापं लिहिली. बांबू इतका, दार इतकं, गल्ली इतकी. सबब माल न कापता इमारतीबाहेर नेणे अशक्य, कापल्यास सरकारी मालाची नासधूस, माल जागेवरच मिळाला, चोरी झालेली नाही. व्यवस्थापकांनी सुटकेचा श्वास टाकून सही केली. भोपाळच्या बाबूंनी ती मापं वाचली आणि दुसरा पडदा रंगवून घेतला. नाना पूर्ण पेन्शनीवर घरी गेले.

गुन्हेगार काय लपवतो हे शोधायचं मला शिकवलं होतं. माणूस काय जपतो, हे आधी विचारायला मी त्या दिवशी शिकलो. पुढे कितीतरी तपास त्या एका प्रश्नाने सुटले.

नाना घरी जायच्या आदल्या दिवशी मला वर घेऊन गेले, हातात गेरू दिला आणि म्हणाले, "दरोगाजी, तुम्हीही लिहा. तुमचाही एक खेळ झालाच की." मी लिहिलं: 'पोलीस आले. पडदा इथेच आहे.'

तीस वर्षं मी रोजनामे लिहिले. ते सगळे केव्हाच वाळवीने खाल्ले. मागच्या वर्षी, गुडघे कुरकुरत असताना, मी ती शिडी पुन्हा चढलो. माझी ओळ तिथे होती. तिच्याखाली नानांनी, मी निघून गेल्यावर केव्हातरी, दोन शब्द लिहिले होते: 'खरं आहे.'