तात्याची एकवीस दिवसांची शाळा

पल्लवीच्या इंजिनिअरिंगला पहिला खोडा घातला तो मीच. ती अकरावीत गेली तेव्हा तिच्या वडलांनी, म्हणजे माझ्या धनाजीकाकानं, मला विचारलं होतं, "पप्पू, जातीचा दाखला काढलाय. आणखी काय लागतंय का?" मी मोबाईलमधनं मान वर न करता म्हणालो, "बास हाय की. दाखल्याची पडताळणी इलेक्शनला उभारणाऱ्यांना लागती." आटपाडीत माझं मोबाईलचं दुकान आहे, म्हणून सरकारी नियम मला कळतात असा घरात समज आहे. मी स्वतः अकरावीला गणित सोडलेला माणूस. इंजिनिअरिंगला गणित आणि फिजिक्स लागतंच, हे मला ते सोडल्यावर कळलं. तरी लोक विचारतात, मी सांगतो.

दोन वर्षांनी पल्लवीनं सगळं जमवलं. बारावीला ठरलेल्या विषयांत राखीव प्रवर्गाला चाळीस टक्के पुरतात, तिला एकाहत्तर. सीईटीत ब्याऐंशी पर्सेंटाइल. सांगलीच्या कॉलेजात नंबर लागला तर राखीव जागेवरच, हेही मागच्या वर्षीचे आकडे बघून तिनंच काढलं. आणि फॉर्म भरताना स्क्रीनवर आलं: जात वैधता प्रमाणपत्र, नाहीतर त्यासाठी अर्ज केल्याची पावती. मुदत सहा दिवस.

पल्लवी माझ्याकडं बघून म्हणाली, "दादा, मी आता इलेक्शनला उभी ऱ्हाऊ का?"

अर्जाला पुरावा पाहिजे वडलांकडच्या नात्यातल्या कुणाच्या तरी शाळेच्या नोंदीचा, तोही एकसष्ट सालाच्या आधीचा. आमचं घराणं मेंढरांमागचं. आमच्या आजोबांनी शाळा बघितली ती बाहेरनं, चालत जाता जाता. ते वारले. राहिला त्यांचा धाकटा भाऊ, अर्जुनातात्या. तंबाखू मळत तो म्हणाला, "मी हाय की शिकल्याला."

"कुठं?"

"शाळंत."

तात्याला वाचता येत नाही. पण दोनशे मेंढरांत कुठलं कमी आहे ते तो बसल्या जागेवरनं सांगतो. माझं नाव तो निम्म्या वेळा चुकवतो, मेंढरांच्या चार पिढ्या मात्र तोंडपाठ. साल विचारलं की म्हणतो, "काळ्या भुंडीला जुळं झालं, तवा." गाव विचारलं तर, "तासगावाकडं. पानी बरं हुतं."

त्या साली दिवाळीनंतर मेंढरं खालच्या मुलखात गेली होती. एका मास्तरला शेतात खतासाठी मेंढरं बसवून पाहिजे होती, आणि शाळेचा पट भरायला पोरं कमी पडत होती. तात्याच्या बापानं एकाच सौद्यात दोन्ही दिलं. तीन आठवडे मेंढरं शेतात बसली आणि तात्या शाळेत. शेत खतवून झालं तसं तात्याचं शिक्षणही झालं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला मोटरसायकलवर घेऊन निघालो. काठी सोडायला तयार नाही. आडवी धरून बसला, तर मागची एसटी तासभर हॉर्न मारत आली. तासगावाकडं बघावं तिकडं द्राक्षबागा आणि बेदाण्याची शेडं. तात्या खवळला. "मेंढरं कुठनं न्यायची रं मानसानं?"

दोन शाळा झाल्या. तात्या दारातनंच म्हणायचा, "ही न्हवं." तिसऱ्या गावात दोन खोल्या नव्या, एक जुनी, दगडी. मुख्याध्यापिका विनोदिनीबाई, सांगलीच्या. त्यांनी विचारलं, "आजोबा, हीच का तुमची शाळा?" तात्या आत गेला. फळा बघून 'न्हाई' म्हणून मान हलवली, भिंती बघूनही तशीच हलवली. मला पल्लवीचं तोंड दिसायला लागलं. मग तो कोपऱ्यात जमिनीवर बसला, फळ्याकडं पाठ केली आणि खिडकीतनं बाहेर बघितलं.

"हीच. त्यो डोंगर. त्याच्या खालनं आमची मेंढरं दिसायची."

एकवीस दिवसांत त्यानं फळा बघितलाच नव्हता, तर ओळखणार कसा?

बाईंनी कपाट उघडून जुनं रजिस्टर काढलं. तासाभरानं बोट थांबलं. सन एकोणीसशे सत्तावन्न. अर्जुना धोंडी. जात, हिंदू धनगर. जन्मतारीख एक जून, जी आमच्या निम्म्या तालुक्याची आहे. आणि शेवटच्या रकान्यात मास्तरचं वळणदार अक्षर. बाईंनी मोठ्यानं वाचलं, "मेंढरांमागे गेला. शाळेची पाटी परत केली नाही."

वर्गातली पोरं फिसकन हसली.

"आजोबा, पाटी कुठाय?"

"आवं बाई, आईनं ताकाच्या मडक्यावर झाकाण ठिवली हुती. मग घोड्यानं पाय दिला."

"म्हणजे येणे आहे."

"हाय की. मी कवा न्हाई म्हटलं? पोरीचा नंबर लागू द्या, आणून देतो."

बाईंनी हसू दाबत उताऱ्यावर सही-शिक्का दिला. चौथ्या दिवशी सांगलीत अर्ज गेला, पावती हातात आली, पाचव्या दिवशी फॉर्म भरला. दुसऱ्या फेरीत पल्लवीचा नंबर सांगलीत लागला, इलेक्ट्रिकलला. पडताळणीचा मूळ दाखलाही मुदतीत आला. काकानं पेढे वाटले. मला देताना हात जरा आखडता घेतला.

तात्या आता कुणालाही सांगतो, "पल्लवी माझ्या शिक्षनावर इंजिनियर हुतीय." ते खोटंही नाही.

पाटीचं काम, चूक माझी म्हणून, माझ्यावर आलं. आटपाडीच्या दुकानातनं एक आणून दाखवली, लाल कडेची, प्लास्टिकची. तात्यानं टिचकी मारून बघितली आणि परत दिली. "दगडी घेतली हुती. दगडीच द्याची."

दगडी पाटी अजून मिळालेली नाही. मागच्या आठवड्यात विनोदिनीबाईंचा फोन आला होता. मी उचलला नाही.