नळीतले तांदूळ

दसरा जवळ आला की इंग्लंडमधल्या वॉटफर्डचं ते तळहातावर मावणारं पिस्तूल मला हमखास आठवतं. इथल्याच पोलिसांतून निवृत्त झालो आणि आता या वयात कॉलेजात जातो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. लिहिण्याची सवय फक्त जबान्यांची, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं. नावं कुणाचीच देत नाही.

खबर एका शाळेकडून आली. सहा वर्षांच्या मुलीने वर्गात चित्र काढलं होतं. टेबलावर सहा पिस्तुलं, झेंडूची फुलं आणि हात जोडून उभे असलेले आजोबा. बाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आजोबा गन्सना प्रे करतात." शाळेने नियमाप्रमाणे आम्हाला कळवलं.

सकाळी सार्जंट आणि मी वॉरंट घेऊन गेलो. शस्त्रधारी पथक बाहेर गाडीत थांबलं. दार आजोबांनीच उघडलं. हे निवृत्त डॉक्टर, पूर्वी इथल्याच हॉस्पिटलात भूल द्यायचे. त्यांनी आपणहून पेटी पुढे केली. आत मखमलीच्या सहा खाचांत सहा पिस्तुलं, सगळी दीडशे वर्षांहून जुनी.

या देशात घरात पिस्तूल ठेवायला जवळजवळ बंदीच आहे. इतकं जुनं असेल आणि निव्वळ शोभेसाठी ठेवलं असेल तर चालतं. पण झाडायचा किंवा अंगावर बाळगायचा इरादा दिसला की सवलत संपली. मग डॉक्टरांसारख्या एकाहत्तर वर्षांच्या माणसालाही तुरुंग चुकत नाही.

पेटीशेजारी एक मराठी वही होती. सहाव्या पिस्तुलाबद्दल लिहिलं होतं : 'कोटाच्या आतल्या खिशात नीट बसतं. बाहेरून कळत नाही. काढताना अडकत नाही.'

"काय लिहिलंय?" सार्जंटने विचारलं. मी जसंच्या तसं सांगितलं.

डॉक्टरांची सून जिन्यावरून धावत आली. तीही डॉक्टर, ड्युटीवर निघालेली. "बाबा, सॉलिसिटर येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही!"

"अगं, माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?"

"बाबा, प्लीज!"

स्टेशनवर सॉलिसिटरसमोर जबानी झाली. रेकॉर्डिंग सुरू करून सार्जंटने थेट विचारलं, "शोभेची वस्तू खिशात घालून का बघितलीत?"

"माझ्याकडे पाच होती," डॉक्टर म्हणाले. "घोडेस्वाराचं, जहाजावरचं, अशी. कोटाखाली लपवून नेण्याचं तेवढं नव्हतं, म्हणून संग्रह अपुरा वाटायचा. तीन वर्षांपूर्वी जुन्या शस्त्रांच्या प्रदर्शनात विक्रीला दोन दिसली. एकाला शिंपल्याची मूठ, फार देखणं. दुसरं साधं, चपटं. लपवायला बनवलेली वस्तू खरंच लपते का, हे पाहिल्याशिवाय निवडणार कसं? मी पिशवीतून कोट नेला होता."

"कुठला कोट?"

"माझ्या लग्नातला. बटणं लागत नाहीत, पण खिसे शाबूत आहेत. देखणं पिस्तूल अस्तरात अडकलं. साधं घेतलं."

सार्जंट हसला नाही. बाहेर कॉरिडॉरमध्ये म्हणाला, "भला माणूस वाटतो. भले वाटणारे मी खूप पाहिलेत. आणि तुझ्या देशाचा आहे म्हणून..."

मग प्रयोगशाळेची पहिली नोंद आली. सहाव्या पिस्तुलाच्या नळीत लाल-पिवळी पूड, स्वरूप अज्ञात. सार्जंटला घरी बनवलेल्या बंदुकीच्या दारूचा संशय आला, आणि पूर्ण अहवाल येईपर्यंत डॉक्टरांना काही विचारायचं नाही असं त्याने ठरवलं. मला फोटो पाहताच कळलं होतं. माझे वडील कारखान्यात फिटर होते. दर दसऱ्याला आई त्यांच्या पान्यांना हळदकुंकू लावायची, वर अक्षता टाकायची. पण बोललो तर बाजू घेतल्यासारखं होईल, या भीतीने मी दोन दिवस गप्प राहिलो. ते दोन दिवस त्या घरात कसे गेले असतील, याचा विचार मी केला नाही.

तिसऱ्या दिवशी सार्जंटला सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "माझ्या शब्दावर जाऊ नका. लॅबला हळद आणि चुना तपासायला सांगा, कुंकू त्यांचंच बनतं. नळीच्या तळाशी तांदूळ आहेत का, तेही."

"तांदूळ?"

"तांदूळ. कच्चे."

फोन उचलत तो म्हणाला, "हे ऐकून लॅबवाले माझी वर्षभर चेष्टा करणार आहेत."

अहवाल आला. हळद, चुना आणि तांदळाचे चार दाणे. थरावर थर, आणि कुठेच जळाल्याची खूण नाही. झाडायचं पिस्तूल कुणी तांदळाने बुजवत नाही. प्रदर्शनातल्या विक्रेत्यालाही पिशवीतून कोट आणणारा माणूस चांगला आठवत होता. प्रकरण बंद झालं. पेटी परत देताना सार्जंटने बजावलं, "घरात लहान मूल आहे. कुलूप लावा." डॉक्टरांनी ते मान्य केलं. चूक तेवढी होतीच.

या प्रकरणाने मला शिकवलं की आपल्या घरातून मिळालेली माहितीही तपासात कामाची असते. ती लपवू नये आणि तपासल्याशिवाय कुणावर लादूही नये. भीड मात्र नक्की सोडावी. माझ्या भिडेपायी दुसऱ्याचे दोन दिवस गेले.

गेल्या दसऱ्याला डॉक्टरांनी घरी बोलावलं. मी कॉलेजातून तसाच गेलो. पिस्तुलं काचेच्या कपाटात कुलूपबंद होती. नात कुंकवाची वाटी घेऊन काचेवर बाहेरून टिकल्या लावत होती. माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, तुमची गन कुठे आहे?"

"माझ्याकडे कधीच नव्हती."

"पण तुम्ही पोलीस होता ना?"

"होतो. खिशात वही असायची."

तिने वाटी पुढे धरली. "मग वही आणा."

मी बॅगेतून कॉलेजची वही काढली.